मदत हवी आहे: मावशीचा पसरलेला स्तनाचा कर्करोग आणि ‘सरासरी वर्षभर’ या अंदाजाचा अर्थ

नमस्कार. माझ्या मावशीचे वय 61 आहे. 2019 मध्ये तिच्या स्तनाची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन झाले. 2022 च्या अखेरीस आजार हाडांत आढळला. तो ईआर पॉझिटिव्ह (इस्ट्रोजेन संप्रेरकावर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त नसलेला) असल्याने लेट्रोझोल व पाल्बोसिक्लिब ही औषधे सुरू केली आणि त्यावर दोन वर्षे बरी गेली. आता यकृतात गाठी आहेत, म्हणून दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल ही केमो देतात. सहा डोस झाले आहेत.

डॉक्टरांना विचारले तेव्हा ते ‘सरासरी वर्षभर’ एवढेच म्हणाले. मावसबहीण जर्मनीत असते आणि तिला लांब रजा एकदाच मिळणार आहे, त्यामुळे तिने आता यावे की थांबावे, हा प्रश्न आमच्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.

मी थोडे वाचले. सिडनीच्या संशोधकांनी 2011 मध्ये, पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगावर पहिली केमो घेणाऱ्या स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून असे दाखवले, की मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगतात तो काळ) हा एकच आकडा सांगण्यापेक्षा त्याच्या पटीत पल्ला सांगावा: साधारण दहा टक्के रुग्ण मध्यकाच्या पाव काळाच्या आत जातात, निम्मे रुग्ण अर्ध्या ते दुप्पट काळादरम्यान आणि दहा टक्के तिपटीहून अधिक जगतात. मध्यक 12 महिने धरला, तर 3 महिने, 6 ते 24 महिने आणि 36 महिन्यांच्या पुढे असा पल्ला येतो. ‘वर्षभर’ या शब्दात हे काहीच दिसत नाही, आणि डॉक्टरांचे ‘सरासरी’ म्हणजे मध्यकच, असे मी गृहीत धरले आहे.

माझी अडचण पुढे आहे. चाचण्यांत बहुधा हिंडतेफिरते रुग्ण घेतात. मावशी स्वतःची आंघोळ, जेवण करते, दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ उठून असते, पण स्वयंपाक आता होत नाही. रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन 3.1, म्हणजे कमी आहे, आणि यकृत व हाडांशी संबंधित अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेले आहे. केवळ हाडांत असलेल्या आजारापेक्षा यकृतातला आजार वाईट, हे ठाऊक आहे. उलट पहिल्या उपचारानंतर आजार तीन वर्षांनी परतला, ही जमेची बाजू मानतात. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा तोलायच्या? सीए 15-3 (रक्तातला कर्करोगाचा निर्देशक) वाढला आहे, पण केमोच्या पहिल्या काही आठवड्यांत तो उपचार लागू पडत असतानाही तात्पुरता वाढू शकतो, म्हणून त्यावरून घाबरायचे नाही, असे मी स्वतःला बजावले आहे.

ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिल्या स्कॅनपूर्वी असा पल्ला मागणे योग्य आहे का, की स्कॅननंतर गाठी आकसल्या की वाढल्या हे कळल्यावरच तो विश्वासार्ह होईल? आणि मावशीने स्वतः अजून काही विचारलेले नसताना, तिच्या पाठीमागे हा प्रश्न डॉक्टरांपुढे कसा मांडावा? स्कॅन तीन आठवड्यांनी आहे आणि बहिणीला रजेचा अर्ज त्याआधी द्यावा लागणार आहे.