कुमाऊंला २२ जणांना घेऊन जायचंय, नुसतं साइटसीइंग नकोय, काहीतरी शिकून यायचंय. मदत करा

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयाचा ग्रुप आहे, दर दोन वर्षांनी एक अभ्यास सहल काढतो. यंदा दिवाळीनंतर कुमाऊं ठरलंय, म्हणजे नैनिताल-अल्मोडाची बाजू. २२ जण आहोत, सगळ्यात लहान मुलगी ११ वर्षांची आणि सगळ्यात मोठे काका ६८ चे. एकूण ११ दिवस, त्यातले जाऊन-येऊन चार रेल्वेत जाणार.

आधी का विचारतोय ते सांगतो. मागच्या वेळी एका टूर कंपनीबरोबर हिमाचलला गेलो होतो, सहा दिवसात आठ ठिकाणं, रोज सकाळी बॅगा भरा आणि संध्याकाळी उघडा. वाटेत एका घराच्या अंगणात एक बाई मागावर शालीचा पट्टा विणत बसल्या होत्या, मुलं खिडकीला चिकटून बघायला लागली, मी म्हटलं पाच मिनिटं थांबा, तर शेड्यूल बिघडेल म्हणून गाडी थांबली नाही. घरी आल्यावर मुलांना वहीत लिहायला सांगितलं की काय पाहिलंत, तर बर्फ आणि हॉटेलचं जेवण यापलीकडे काही येईना. त्यांची चूक नाहीये, आपण दाखवलंच नाही काही. ती बाई अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून यंदा स्वतःच करायचं ठरवलंय. माझी कच्ची यादी अशी: काठगोदाम, नैनिताल २ दिवस, कॉर्बेट १, अल्मोडा १, जागेश्वर, कौसानी १, बागेश्वर, मुन्स्यारी २ आणि परत. यात काय ठेवू, काय काढू? गावातल्या लोकांशी खरंच बोलणं होईल, मुलं हाताने काहीतरी करतील, असं कुठे जमतं? आणि ६८ वर्षांच्या काकांना उंचीचा त्रास होईल का?

डोंगरातली_सून

दादा, मी मूळची वाईची, लग्न करून अल्मोड्याजवळच्या गावात आले त्याला १४ वर्षं झाली, त्यामुळे तुमची पोस्ट बघून लिहिल्याशिवाय राहवेना. आधी यादीबद्दल, मुन्स्यारी काढा. फार सुंदर आहे पण अल्मोड्याहून जायला अख्खा दिवस, यायला अख्खा दिवस, म्हणजे तुमच्या सातातले दोन दिवस परत गाडीतच. कॉर्बेट पण काढा, नैनिताल परतताना दुपारभर बघा हवं तर. अल्मोड्याच्या आसपास चार मुक्काम आणि कौसानीला तीन, बस. दोनच ठिकाणी बॅगा उघडा.

उंचीची काळजी नको, अल्मोडा साधारण १६०० मीटर, कौसानी १९०० च्या आत, त्रास असतो तो वळणांचा आणि रात्रीच्या थंडीचा.

आता लोकांशी बोलणं. माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा तिला हिंदी धड येत नव्हतं आणि सासूबाईंना, मी त्यांना ईजा म्हणते, इकडे ईजा म्हणजे आई, त्यांना कुमाऊंनी सोडून दुसरं काही सुचत नव्हतं. दोन दिवस दोघी नुसत्या हसायच्या एकमेकींकडे बघून. तिसऱ्या दिवशी ईजांनी मडुव्याचं पीठ काढलं आणि आई ओरडलीच, अगं ही तर नाचणी! मग आईने परात ओढली, कोमट पाणी घातलं आणि हातावर भाकरी थापायला घेतली, ईजा तोंडाला पदर लावून बघतायत, कारण त्या गव्हाचं पीठ मिसळून रोटी करतात, आणि आईची भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवलं तेव्हा तर त्यांनी शेजारणीला हाक मारून बोलावलं. दुसऱ्या दिवशी ईजांनी गहत भिजवून पाट्यावर वाटून त्याचे डुबके केले, आई म्हणाली हे कुळथाचं पिठलंच की, फक्त आपण पिठाचं करतो. गहत म्हणजे आपला कुळीथ. तिथून पुढे दोघींना मी मध्ये लागलेच नाही.

हे एवढं सांगायचं कारण असं, तुम्ही बघायला येताय हे विसरा, स्वतःचं काहीतरी घेऊन या. तुमच्या ग्रुपमधल्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, कुणाला भजन येत असेल, मुलांना लेझीम येत असेल. इकडच्या बायका आधी लाजतात पण समोरचा गायला की गातात.

मुलांनी हाताने करायचं तर ऐपण. आपल्या रांगोळीसारखंच पण कोरडं नाही, जमीन गेरूने लाल सारवायची आणि तांदूळ भिजवून वाटलेल्या बिस्वारने बोटांनी काढायचं. दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढतात ती तर मुलांना लगेच जमतात, मूठ वळून करंगळीची बाजू बिस्वारात बुडवायची, जमिनीवर टेकवायची, आणि वर बोटाच्या टोकाने पाच ठिपके. झालं पाऊल. मूठ जास्त भिजली की ओघळ येतो, म्हणून एकदा वाटीच्या काठाला पुसायची. ऐपणला २०२१ मध्ये जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख म्हणून सरकारी मानांकन, मिळाला, त्यामुळे आता पिशव्या नि फ्रेमवर पण विकायला असतं, पण उंबऱ्यावर बसून काढायची मजा वेगळी.

तारीख ठरली नसेल तर एकादशी धरून या. तुमच्याकडे कार्तिकी एकादशीला पंढरपूर, इकडे त्याच दिवशी बूढ़ी दिवाली, सुपावर ऐपणने चित्रं काढतात आणि सूप वाजवत घरातली पिडा बाहेर घालवतात.

आणि हो, अल्मोड्यापासून आठेक किलोमीटरवर चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. हा न्यायाचा देव. लोक चक्क अर्ज लिहून टांगतात, काही तर स्टॅम्पपेपरवर, जमिनीचा वाद, नोकरी, नवऱ्याने सोडलेलं, सगळं. वर हजारो घंटा. मुलांना तिथे नेताना आधी समजावून न्या की लोकांच्या अर्जांचे फोटो काढायचे नाहीत, ते दुसऱ्याचं दुःख आहे.

फळा_खडू

मी हायस्कूलला इतिहास शिकवतो आणि दोनदा नववीची मुलं घेऊन याच भागात गेलोय, त्यामुळे ताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. माझी भर फक्त शिकण्याच्या बाजूने.

मुलांना जागेवर नेऊन माहिती सांगायची नाही, निघायच्या आधी सांगायची आणि तिथे शोधायला लावायची. बागेश्वरचं उदाहरण घ्या. नुसतं बघितलं तर दोन नद्यांचा संगम, बाजार, देऊळ, अर्ध्या तासात मुलं कंटाळतात. पण आम्ही इथेच वर्गात कुली-बेगार शिकवून नेलं होतं. इंग्रज साहेब दौऱ्यावर आला की गावकऱ्यांनी त्याचं सामान फुकट वाहायचं, कोणाची पाळी ते रजिस्टरमध्ये लिहिलेलं असायचं. जानेवारी १९२१ मध्ये उत्तरायणीच्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि बाकी पुढाऱ्यांच्या हाकेवर लोकांनी ती रजिस्टरं शरयूत फेकून दिली आणि ती प्रथा मोडली. आमची मुलं घाटाच्या पायरीवर बसली तेव्हा एकीने विचारलं, सर रजिस्टर बुडलं की वाहत गेलं? आणि पुढचा तासभर सगळ्यांचं तेच चाललेलं. मला १५ वर्षांच्या नोकरीत यापेक्षा चांगला प्रश्न कोणी विचारलेला नाही.

कौसानीला सगळे सूर्योदय बघतात आणि बघाच, ७१२० मीटरचं त्रिशूळ आधी गुलाबी मग पिवळं होतं ते दृश्य बघून आमची सगळ्यात दंगेखोर मुलं पण गप्प बसली होती. पण तिथे अनासक्ती आश्रम आहे, गांधीजी १९२९ मध्ये तिथे राहिले आणि गीतेवरच्या अनासक्तियोगाची प्रस्तावना तिथे लिहिली, आणि जवळच लक्ष्मी आश्रम आहे, जो मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. सरला बहन, मूळ नाव कॅथरिन हाइलमन, इंग्लंडहून आलेल्या, आधी काही वर्षं आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला राहिल्या आणि मग डोंगरात जाऊन १९४६ मध्ये मुलींसाठी ही शाळा काढली. नई तालीम, म्हणजे शेती, गाई, सूतकताई आणि अभ्यास सगळं एकत्र. तिथे जायचं तर आधी पत्र किंवा फोन करून परवानगी घ्या, ती चालू शाळा आहे, आणि तुमच्या मुलांना त्या मुलींबरोबर अर्धा दिवस काम करू देतात का ते विचारा. आमच्या मुलांनी गवत आणलं होतं, पाठीवर भारा घेऊन चढ चढताना दोघं रडकुंडीला आले, आणि त्यांच्याच वयाच्या मुली गप्पा मारत वर गेल्या. परत आल्यावर निबंधात सगळ्यांनी तेच लिहिलं.

कटारमलचं सूर्यमंदिर चुकवू नका, अल्मोड्याहून अर्धा दिवस पुरतो. त्याचा कोरीव लाकडी दरवाजा दिल्लीत नॅशनल म्युझियममध्ये आहे, त्यामुळे दिल्लीत गाडी बदलताना वेळ असेल तर आधी दरवाजा बघा आणि मग देऊळ, मुलं तिथे जाऊन दरवाजाची जागा शोधतात. जागेश्वरला देवदारात १०० हून जास्त लहानमोठी देवळं आहेत, सगळी समजावत बसू नका, प्रत्येकाला एक देऊळ द्या आणि चित्र काढायला सांगा.

एका गोष्टीत ताईंपेक्षा माझं थोडं वेगळं मत आहे. २२ माणसं एका घरात गेली की त्या घरातल्या बाईचा दिवस मोडतो. सात-आठचे तीन गट करा, तीन घरं, आणि जेवणाचे, शिकवण्याचे रीतसर पैसे आधी ठरवून द्या. पाहुणचार म्हणून फुकट घेऊ नका.

रस्तेवाला

तिकडे पाच वर्षं रस्त्याच्या कामावर होतो, थोडक्यात लिहितो. दिल्लीहून रात्रीची रानीखेत एक्सप्रेस पकडा, पहाटे काठगोदाम. तिथून अल्मोडा ८०-९० किमी, पण चार तास धरा. मोठी बस करू नका, दोन टेंपो ट्रॅव्हलर करा, वळणावर बरं पडतं आणि गावच्या रस्त्याला पण जातात. ड्रायव्हर तिकडचाच घ्या. शनिवार-रविवारी भवालीच्या पुढे कैंची धामला, म्हणजे नीम करोली बाबांच्या आश्रमाला, गाड्यांची रांग लागते, तिथून जाणं मधल्या वारी ठेवा. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा आणि सकाळी पोटभर पराठे खायला देऊ नका. अंधार पडल्यावर घाटात गाडी नको, नोव्हेंबरमध्ये पाच-साडेपाचलाच अंधारतं.

आणि मुलांना एक नौला नक्की दाखवा. दगडी छोटी कुंडी, वर छप्पर, खाली पायऱ्यांसारखे थर उतरत गेलेले, पाणी तळातून झिरपतं. चप्पल बाहेर काढून जायचं, नवी नवरी घरात आली की आधी नौल्याची पूजा करते. आजूबाजूला बांजची म्हणजे ओकची झाडं असतील तर पाणी टिकतं, नुसता चीड म्हणजे पाइन असेल आणि खाली पिरूल म्हणजे सुक्या सुया पसरलेल्या असतील तर नौले आटलेले दिसतील, उन्हाळ्यात तोच पिरूल पेटतो. आमचं काम चालू असताना एका गावाजवळ असं आटलेलं नौलं होतं, म्हातारा माणूस रोज येऊन ते झाडून जायचा, पाणी नसताना. मी विचारलं तर म्हणाला, परत आलं तर घाण नको दिसायला. अजून आठवलं की गलबलतं.

कृष्णाकाठ

खूप खूप आभार सगळ्यांचे, काल रात्री वाचनालयात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. नवा प्लॅन: अल्मोडा परिसर ४ मुक्काम, कौसानी ३, एक दिवस बागेश्वर, वाटेत बैजनाथ, मुन्स्यारी-कॉर्बेट रद्द, नैनिताल परतताना. दोन टेंपो ट्रॅव्हलर, तीन गट. तारीख एकादशी धरून घेतोय. त्या दिवशी आमचे ६८ वर्षांचे काका दरवर्षी पंढरपूरला असतात, ते म्हणाले यंदा सुपाचा आवाज ऐकतो, टाळ बरोबर घेतो. सर, कुली-बेगारवर तुम्ही वर्गात काय शिकवलं त्याच्या नोट्स असतील तर पाठवाल का, पुढच्या महिन्यापासून दर रविवारी मुलांचा एक तास ठरवलाय. ऐपणची प्रॅक्टिस पण वाचनालयाच्या ओट्यावर सुरू केली, पहिल्याच पावलाला ओघळ आला.

ताई, आमच्या बायका म्हणतायत आम्ही पाच किलो नाचणीचं पीठ घेऊन येतो, तुमच्या ईजांना चालेल ना?

डोंगरातली_सून

ईजांना वाचून दाखवलं, त्या म्हणतायत पीठ नको, नाचणी अख्खी आणा. खाली गाडवर अजून एक घट म्हणजे पाणचक्की चालते, गाड म्हणजे इकडे ओढा, त्याच्या पाण्यावर दगड फिरतो आणि पीठ पडतं. तुमची नाचणी तिथे मुलांच्या समोर दळून घेऊ आणि आमचा मडुवा बाजूला ठेवू, कोणाचा रंग जास्त काळा येतो ते बघायचंय म्हणे त्यांना.

टाळ नक्की आणायला सांगा काकांना.