फॅन म्हटलं की आधी 'दादा की ताई?' आपापले अनुभव लिहा

शहापूरची_नात
परवा भाचीनं तिच्या आरसीबीच्या (बेंगळुरूची आयपीएल टीम) ग्रुपवरचं बोलणं दाखवलं. तिनं लिहिलेलं, "मी शेवटपर्यंत जागलो, मग रडलोच." खाली लगेच एकजण, "दादा, पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?" तिनं सांगितलं, मी मुलगी आहे. तर दुसरा, "मग विराट आवडतो म्हण की सरळ." मॅचबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आमच्याकडं बेळगावच्या शहापूर-वडगावात आजी, आई, मावशी सगळ्या 'मी येतो', 'मी जेवलो' असंच बोलतात. मीही तसंच बोलतो, इथंही तसंच लिहितो. आयपीएल नवीन होतं तेव्हा मी ऑनलाइन गप्पांत खूप लिहायचो आणि माझी भाषा बघून सगळे मला 'भावा' म्हणायचे. 2009 ची जोहान्सबर्गची फायनल, कुंबळेनं 16 धावांत 4 घेतले, तरी आपण 6 धावांनी हरलो. त्यावर मी लांबलचक लिहिलेलं. लोक तुटून पडले, आकडे मागितले, मी दिले. काय भांडलो होतो आम्ही! मग एकदा सहज लिहिलं की आज हळदीकुंकू आहे, मॅच अर्धीच बघणार. झालं. "अगोबाई!" "मिस्टरांनी शिकवलं वाटतं क्रिकेट?" त्या दिवसानंतर माझ्याशी कुणी वाद घातला नाही. नुसतं कौतुक, नाहीतर एलबीडब्ल्यू म्हणजे काय ते समजावणं. मला ते कौतुक फार लागलं. भांडत होते तोवर मी त्यांच्यातला होतो.

तुम्ही स्वतःला काय म्हणवता आणि लोक तुम्हाला काय म्हणतात, लिहा. क्रिकेटच पाहिजे असं नाही.

चिकोडीची_सून
अगदी अगदी. पुण्यात हॉस्टेलवर मी "आंघोळीला जातो" म्हटलं की पोरी आठवडाभर हसायच्या. सासरी इकडं परत आलो तेव्हा कुठं मोकळं बोलायला मिळालं. फॅनचं नंतर लिहितो, दूध ठेवलंय गॅसवर.

मुठेकाठचा
छान धागा काढलात दादा. कुंबळेचा मीही भक्त.

चिकोडीची_सून
मुठेकाठचे, धागा वाचलात काय ओ? 😄

मुठेकाठचा
आत्ता वाचला. ताई, माफ करा. आणि आता वाद घालतो: त्या फायनलला बॅटिंगनं घात केला, बोलिंगबद्दल एवढं कशाला लिहिलंत?

शहापूरची_नात
माफी नको, हा प्रश्न पाहिजे होता. समोर 144 चं टार्गेट होतं, आणि ते त्या बोलिंगमुळंच एवढ्यावर थांबलं. बाकी रात्री लिहितो, डबे भरायचेत.

टिळकवाडी_कट्टा
मी मुलगा, बीटीएस ह्या कोरियन बँडचा फॅन. फॅनडमचं नाव 2013 पासून आर्मी. नावात पोरगा-पोरगी काही नाही, पण ग्रुपवर रोज सकाळी "गुड मॉर्निंग गर्ल्स". कॉलेजात मित्र 'बायल्या' म्हणतात, ते वेगळंच. फोटोकार्डं बहिणीच्या नावानं मागवायचो, कुरिअरवाल्यासमोर नको म्हणून. आता अल्बम टेबलावर उघडा असतो. वडील एकदा उचलून बघत होते. त्यांनी विचारलं, "ह्यातला तुझा कुठला?" मी दाखवला. "केस बरे आहेत," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मला तेवढं पुष्कळ झालं.

हलगी
मी कुस्तीची. वडिलांच्या खांद्यावर बसून आनंदवाडीचा आखाडा बघितलाय. लाल माती, फेटे, हलगी सुरू झाली की पोटात गोळा यायचा. अजून जाते. तिकडं माइकवरून काय ऐकू येतं? "तमाम कुस्तीशौकीन बंधूंनो... आणि उपस्थित माता-भगिनींनो." म्हणजे शौकीन ते, आम्ही उपस्थित! कोण घिस्सा मारणार, कुणाची पट काढायची पद्धत कशी, मला शेजारच्या आजोबांपेक्षा आधी कळतं. ते आजोबाच सांगतात हे. मला माता म्हणू नका, भगिनी म्हणू नका, शौकीन म्हणा.

स्कोअरर_काका
हलगीताई, पटलं. आम्ही क्लबच्या मॅचेसचं स्कोअरबुक लिहितो. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीनं 2021 च्या सप्टेंबरात नियमातच 'बॅट्समन'चं 'बॅटर' केलं, त्यावर लोकांनी किती आरडाओरडा केला. आपल्या रेडिओच्या मराठी कॉमेंट्रीत फलंदाज, गोलंदाज पहिल्यापासून बाईला बुवाला एकच. कुणाचं काय अडलं?

गोकाक_गल्ली
आमच्या गल्लीत मराठी-कन्नड सगळे अप्पूचे, म्हणजे कन्नड हिरो पुनीत राजकुमारचे. 29 ऑक्टोबर 2021 ला तो गेल्याची बातमी आली तेव्हा आमची काकू भाकरी टाकत होती. तवा उतरवून थेट कट्ट्यावर येऊन बसली. मराठी बाई, कन्नड धड येत नाही, पण पिक्चर एक सोडलेला नाही. पोरांनी बॅनर केला, 'अप्पू अभिमानिगळु' म्हणजे अप्पूचे चाहते, खाली सगळ्यांची नावं, त्यात काकूचंही, मध्येच, वर्गणी दिलेल्या क्रमानं. 'महिला चाहत्या' असा वेगळा कोपरा नाही. त्याचे वडील डॉ. राजकुमार तर अभिमान्यांना देवच म्हणायचे, अभिमानी देवरुगळु. देवात कोण बाई-बुवा बघतो?

चिकोडीची_सून
अप्पूचं नाव काढू नका ओ, अजून डोळे भरतात. दूध उतू गेलं ते गेलंच.

नाव_नको
घर खानापूर तालुक्यात. मला 'तो' पण पटत नाही, 'ती' पण नाही. फुटबॉलच्या मराठी ग्रुपवर दर वाक्याला अडायला होतं, बघतो लिहायचं की बघते? म्हणून सगळं 'मला वाटलं', 'माझं मत', 'मी गोल पाहिला' असं. कन्नड ग्रुपवर हा ताप नाही, 'नोडिदे' (मी बघितलं) म्हटलं की झालं, बाई-बुवा एकच. घरी आजीमुळं सुटका. आजी 'येतो' म्हणते, आई 'येतो' म्हणते, मग माझ्या 'येतो'कडं कोण वळून बघणार? ग्रुपच्या अ‍ॅडमिनला एकदा खासगीत कळवलं. त्यांनी काही न विचारता 'भावांनो' काढून 'मंडळी' केलं. ऑफसाइडवरून भांडण मात्र पहिल्यासारखंच, एक शिवी कमी नाही.

शहापूरची_नात
नाव_नको, तुमचं दोनदा वाचलं. अ‍ॅडमिनना माझा नमस्कार सांगा. आणि आजीला.

स्कोअरर_काका
15 एप्रिल 2014 चा सुप्रीम कोर्टाचा नाल्सा निकाल आहे. आपलं लिंग काय ते ज्याचं त्यानं सांगायचं. सरकारी कागदाचं राहू दे, ग्रुपवर तरी लोकांनी एवढं मानायला काय हरकत?

निपाणी_एक्सप्रेस
माझं उलटं. मी मुलगा, स्मृती मानधनाचा फॅन, आपल्या सांगलीची. 17 मार्च 2024, बायकांच्या आयपीएलची म्हणजे डब्ल्यूपीएलची फायनल, दिल्ली 113 वर ऑलआउट, श्रेयांका पाटीलच्या 4 विकेट, आपण 8 विकेट राखून जिंकलो. आरसीबीचा पहिला कप पोरींनी आणला! माझ्या जर्सीवर 18 नंबर. स्मृतीचाही 18, विराटचाही 18. सगळे धरून चालतात विराट. स्मृती सांगितलं की डोळा मारतात, "आवडते व्हय?" अरे, कव्हर ड्राइव्ह आवडतो तिचा! आता पाठीवर नाव मराठीत छापून घेणार आहे. बेळगावात कुठं करून देतात?

टिळकवाडी_कट्टा
खडेबाजारात विचार. कापड आपलं न्यायचं. ये, मी पण येतो, मला बीटीएसमधल्या जंगकूकचं नाव लिहून घ्यायचंय.

हलगी
देवनागरीत जोडाक्षर नीट करतात का ते आधी बघा रे. आमच्या तालमीच्या बनियनवर 'मल्ल'चा 'मल' करून ठेवलेला.