लांबच्या प्रवासाहून परतल्यावर पहिले खाणे घरचे असावे की नेहमीच्या हॉटेलातले?

शहापूरकरीण :

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मुलांना सुट्टी लागली आणि आम्ही बेळगावातल्या शहापूरच्या घराला कुलूप लावून बाहेर पडलो. आधी पुण्याला नणंदेकडे आठ दिवस, मग दिल्लीमार्गे अमृतसर, हरिद्वार, ऋषिकेश आणि शेवटी केदारनाथ असा सहा आठवड्यांचा प्रवास करून, शाळा उघडण्याच्या तोंडावर, मेअखेरीस परत आलो. प्रवासात खाण्याचे हाल झाले असे मी मुळीच म्हणणार नाही. सुवर्णमंदिरातल्या लंगरमध्ये पंगतीत बसून, दोन्ही हातांची ओंजळ पुढे करून घेतलेली रोटी मी आयुष्यभर विसरणार नाही. केदारनाथला साडेतीन हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर, बोटे आखडलेली असताना, एका दुकानदाराने तव्यावरून थेट हातात दिलेला आलू पराठा तर प्रसादासारखाच वाटला. तरीही पराठा, राजमा आणि पनीर यांचे पाच आठवडे उलटल्यावर धाकटा रोज रात्री एकच विचारू लागला, की आपल्याकडचा डोसा आता किती दिवसांनी मिळेल.

गोवा एक्सप्रेसने बेळगावात उतरलो तेव्हा उजाडायचे होते. घर उघडले, सामान टाकले, टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात कशाबशा आंघोळी उरकल्या आणि सात वाजता टिळकवाडीतल्या आमच्या नेहमीच्या उडपी हॉटेलात जाऊन बसलो. वाढणाऱ्या गृहस्थांनी लांबूनच पाहिले आणि जवळ येऊन विचारले, "यावाग बंद्री?" आम्ही कधी आलो, एवढेच त्यांनी विचारले, काय हवे ते विचारले नाही. सासूबाईंना दातांचा त्रास आहे, म्हणून त्यांची इडली नेहमी सांबारात मुरवून, वर चमच्याने दाबून आणतात. तशीच त्या दिवशीही आणली. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "पोचलो गं बाई आता."

ही हकीकत आमच्या चुलतसासूबाईंच्या कानावर गेली आणि त्या फार दुखावल्या. देवापुढे दिवा लावला नाही, चूल पेटवली नाही आणि यात्रेहून आलेली माणसे आधी हॉटेलात कशी गेली, असे त्यांचे म्हणणे. माझे मत मी स्पष्टच मांडते. आपले गाव म्हणजे केवळ आपल्या चार भिंती नव्हेत. ज्या जागी वीस वर्षे आपण खाल्ले आहे, जिथे आपल्या घरातल्या माणसाच्या दातांची काळजी परका माणूस न सांगता घेतो, ती जागाही घराचाच भाग आहे आणि परतल्यावर आधी तिथे जाण्यात काहीही गैर नाही. आपल्याला काय वाटते ते कळवावे.

खानापूरकर :

ताई, आपल्या सासूबाईंचे बोलणे वाचून मलाही बरे वाटले. परंतु मी आपल्या चुलतसासूबाईंच्या बाजूने उभा राहणार आहे, आणि त्याचे कारण निव्वळ सोवळेओवळे नाही.

आमच्याकडे लांबून माणूस आला की उंबऱ्यावर त्याच्या पायांवर पाणी घालतात, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात आणि मगच त्याला आत घेतात. काशीयात्रा करून आलेला माणूस गंगापूजन करून मावंदे हे यात्रेनंतरचे जेवण घालीत असे, म्हणजे दूरचे पुण्य आणि दूरचे पाणी गल्लीतल्या सर्वांना वाटत असे. या प्रत्येक रीतीत परतणारा माणूस आणि मागे राहिलेली माणसे यांची गाठ पडते. मी लहान असताना वडील पंढरपूरहून परतले की शेजारच्या काकू न सांगता पाण्याची घागर भरून ठेवीत आणि टोपलीत चार भाकऱ्या व पिठले झाकून आणून देत. ते आमचे परतल्यानंतरचे पहिले जेवण असे. गेल्या वर्षी मी स्वतः दोन महिने मुलाकडे बंगळुरूला राहून आलो. शेजारच्या वहिनींनी नंतर सांगितले, "भाऊजी, डबा करणार होते, पण हल्ली सगळे येताना बाहेरच खाऊन येतात, म्हणून नाही केला." आणि ते खरे होते, कारण मी स्थानकाजवळ पुरी-भाजी खाऊनच घरी आलो होतो. त्या एका पुरी-भाजीने मी एक डबा बंद पाडला, असे मला तेव्हापासून सारखे वाटत राहिले आहे.

हॉटेल उद्याही उघडे असते. शेजाऱ्याने आणलेली भाकरी मात्र एकदाच येते, आणि घेणारा घरात नसेल तर पुढच्या वेळी ती येत नाही.

वडगावची सून :

खानापूरकर काका, आपल्या काकूंच्या चार भाकऱ्यांना माझा मनापासून नमस्कार आहे. परंतु "चूल पेटवली नाही" हे वाक्य ज्यांना उद्देशून बोलले जाते, ती आम्ही बायका आहोत, हे या चर्चेत कोणीतरी सांगायलाच हवे.

सहा आठवडे बंद असलेले घर मेअखेरीस उघडणे म्हणजे काय असते, ते मी सांगते. बेळगावचे पाणी राकसकोप आणि हिडकल या दोन जलाशयांतून येते. मेअखेर राकसकोपची पातळी खाली गेलेली असते आणि ज्या प्रभागांत चोवीस तास पाण्याची सोय नाही, तिथे नळाची पाळी कधी येईल याचा भरवसा नसतो. आपण गावात नसताना आपली पाळी येऊन गेलेली असते. टाकीतले पाणी कोमट आणि वासाचे झालेले असते. तांदळाच्या डब्यात सोंडे, पिठात जाळी. वळवाच्या एखाद्या पावसाने खिडकीच्या फटीतून आत आलेली माती ओट्यावर वाळून चिकटलेली असते. दूध नाही, भाजी नाही, विरजण लावायला दह्याचा थेंब नाही. पुरुष मंडळी बॅगा ठेवून पंख्याखाली बसतात आणि त्यांच्याइतकाच रात्रभर रेल्वेत जागून आलेला एक जीव ओटा धुवायला लागतो. "साधा वरणभात टाक, एवढेच पुरे" असे म्हणणे सोपे आहे, पण त्या दिवशी तो वरणभात साधा नसतो.

आमच्या घरी लग्नानंतरची पहिली चार वर्षे हेच चालले. पाचव्या वर्षी आम्ही गोव्याहून चोर्ला घाटाने परतत होतो, तेव्हा सासऱ्यांनी स्वतः गाडी बाजारपेठेकडे वळवायला लावली आणि "आज कोणी ओट्याजवळ जायचे नाही" असे सांगितले. मी तिथे काय खाल्ले ते मला आठवत नाही. पाय सैल सोडून बसले होते, एवढे मात्र पक्के आठवते.

अनगोळकर :

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. आवडत्या ठिकाणी आपण परततो तेव्हा ते ठिकाण आपल्यासाठी थांबलेले असते, असे आपण धरून चालतो, आणि ते बहुधा खरे नसते.

मी आणि माझी पत्नी गेल्या वर्षी उन्हाळ्याचे तीन महिने मुलीकडे होतो. परतल्यावर मोठ्या ओढीने आम्ही एका लिंगायत खानावळीत गेलो. पंधरा वर्षे तिथे कडक भाकरी, एण्णेगायी म्हणजे तेलात मुरलेली भरली वांगी, शेंगाची चटणी, वर दही आणि सोबत कोवळ्या मेथीची पाने असे जेवण आम्ही घेत आलो होतो. वांग्याचा देठ धरून उचलला की वांगे चार पाकळ्यांनी उघडावे आणि मसाला आत टिकून राहावा, अशी तिथल्या बाईंची हातोटी होती. त्या दिवशी ताटात आले ते वांग्याचे तुकडे घातलेले लाल कालवण. चौकशी केल्यावर कळले, की त्या बाई एप्रिलमध्येच काम सोडून गावी गेल्या. मालकांचा दोष आहे असे मी म्हणत नाही. स्वयंपाक करणारे माणूस टिकवणे आज कोणालाही कठीण आहे. पण प्रवासात तीन महिने ज्या चवीचे आम्ही नाव काढत होतो, ती चव आम्ही निघालो त्याच महिन्यात संपली होती, हे पचवणे जड गेले. पत्नी त्या दिवशी अर्ध्या ताटावरून उठली.

वडगावच्या ताईंचे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे. मात्र हॉटेलातही कोणीतरी ओटा धुतोच, कोणीतरी पहाटे चारला उठून पीठ आंबले का ते पाहतोच. घरातल्या बाईला विसावा मिळावा हे योग्य आहे. तो विसावा दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टातून येतो आणि ते माणूस मेमध्ये स्वतःच्या गावीही जाऊ इच्छिते. म्हणून परतल्यावर हॉटेलात जरूर जावे, परंतु सर्व काही जसेच्या तसे मिळावे हा हट्ट धरून जाऊ नये.

कॅम्पातला निवृत्त जवान :

मराठा लाइट इन्फंट्रीत मी नोकरी केली. वर्षातून एकदा मोठ्या सुट्टीवर यायचो. आई जागी असायची, त्यामुळे पहिले जेवण नेहमी घरीच, यात कधी प्रश्नच पडला नाही. तिसऱ्या दिवशी मित्रांबरोबर नियाझ हॉटेलातली बिर्याणी आणि परत जाताना तुकडीतल्या मित्रांसाठी कुंदा या दुधाच्या मिठाईचे डबे. आई गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी स्थानकावरून सरळ हॉटेलात गेलो, कारण कुलूप उघडून रिकाम्या स्वयंपाकघरात जाण्याचे धैर्य झाले नाही. म्हणून मला वाटते, की घरी वाट पाहणारे कोणी आहे की नाही, यावर याचे उत्तर ठरते.

शहापूरकरीण :

आपल्या सर्वांचे प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. जवानदादांचा प्रतिसाद वाचताना मला मध्येच थांबावे लागले.

खानापूरकर काका, आपल्या बंद पडलेल्या डब्याबद्दल मी दोन दिवस विचार करते आहे. आमच्या शेजारच्या काकूंना आम्ही येण्याची तारीख कळवलीच नव्हती, ही माझी चूक मी मान्य करते. मात्र हॉटेलातल्या त्या प्रश्नाला आपण कमी लेखू नये. आम्ही मराठी बोलतो, ते गृहस्थ कन्नड बोलतात. वीस वर्षांत आमचे बोलणे फार तर शंभर शब्दांचे झाले असेल. त्यांना आमच्या घराचा पत्ता ठाऊक नाही आणि मला त्यांच्या गावाचे नाव ठाऊक नाही. तरीही सहा आठवडे आम्ही दिसलो नाही, हे त्यांनी लक्षात ठेवले होते. मागे राहिलेल्या माणसाशी गाठ पडणे म्हणतात ते हेच, असे मला वाटते. अनगोळकर काकांनी लिहिल्यावर माझ्या लक्षात आले, की मेमध्ये आपल्या गावी जाता आले का, हे मी त्यांना कधीच विचारलेले नाही. काल गेले तेव्हा विचारले. कुंदापूरजवळचे त्यांचे गाव आहे आणि यंदा त्यांना सुट्टी मिळाली नाही.

हरिद्वारचे गंगाजल घरात आहे. येत्या रविवारी गंगापूजन करून छोटेसे मावंदे घालायचे असे सासूबाईंनी ठरवले आहे. गल्लीतली माणसे आणि चुलतसासूबाईंचे घर धरून पंचवीस पाने होतील.

खानापूरकर :

मावंदे घालताय हे वाचून फार आनंद झाला. माझे मत मात्र बदललेले नाही. त्या गृहस्थांनी आपली आठवण ठेवली, हा त्यांचा मोठेपणा आहे. पण त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी गेला असतात तरी त्यांनी तेच विचारले असते. शेजारच्या काकूंना मात्र दुसऱ्या दिवशी तो आनंद उरत नाही.

वडगावची सून :

काका, पंचवीस पानांच्या पुरणपोळ्या कोण लाटणार, हे अजून कोणीच सांगितलेले नाही. शहापूरच्या ताईंना प्रवासाहून येऊन आठवडाही झालेला नाही आणि सोमवारी मुलांची शाळा आहे.

खानापूरकर :

आपला प्रश्न बरोबर आहे, आणि तो मला आधी सुचायला हवा होता. पोळी लाटण्याचा हात मला नाही. परंतु पुरण शिजवून वाटण्याचे काम मी आमच्या घरी दर होळीला करतो. शहापूरच्या ताईंची हरकत नसेल, तर शनिवारी संध्याकाळी मी आणि माझा मुलगा पुरणयंत्र घेऊन येतो, पाणीही भरून देतो, आणि पोळ्या लाटायला गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक जण यावा असे सासूबाईंनी सर्वांना आधीच सांगून ठेवावे. येताना जांबोटीकडची करवंदे मिळाली तर तीही आणतो. यंदा पाऊस लवकर आल्यामुळे थोडीच उरली आहेत.