अनुभव धागा: मिनी हाय-फाय सिस्टीम – जाहिरातीत काय छापलं होतं, डब्यात काय निघतं

१९८५ ते २००० या काळातल्या छोट्या स्टिरिओ सिस्टीमसाठी हा धागा आहे. दोन कॅसेट डेक, सीडी, रेडिओ आणि दोन स्पीकर एकत्र मिळायचे, त्या सगळ्या यात आल्या. दुरुस्ती केली असेल तर भाग, माप आणि क्रम लिहा. जुनी जाहिरात हाती असेल तर तिच्यातला दावा आणि प्रत्यक्ष यंत्र यांचा मेळ बसतो का, तेही लिहा. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत, इथे कामाचं लिहू या.

*

सुरुवात वॅटपासून करतो, कारण जाहिरातीत सगळ्यात मोठा आकडा तोच असायचा. 'पीएमपीओ' (क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा) हे मोजमाप कुठल्याही मानकात बसत नाही. म्हणूनच पुस्तकाएवढ्या स्पीकरांवर हजार-दोन हजार वॅट छापता आले. अमेरिकेत १९७४ पासून घरगुती अॅम्प्लिफायरच्या जाहिरातीत सलग मिळणारी ताकद कशी मोजायची आणि छापायची याचा सरकारी नियम होता. पीएमपीओ असल्या कुठल्याच नियमाला बांधील नाही.

जाहिरात बाजूला ठेवा आणि यंत्राच्या मागची पाटी वाचा. समजा तिथे ७५ वॅट वापर लिहिलाय. डिस्प्ले, मोटर, ट्यूनर यांचे १० ते १५ वॅट वजा करा. उरलेल्या ६० चे एबी वर्गाच्या (या सिस्टीममध्ये नेहमी असणाऱ्या रचनेच्या) अॅम्प्लिफायरमधून साधारण निम्मे बाहेर पडतात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून ३०, एका स्पीकरला १५. काही कंपन्या पाटीवर कमाल वापर न देता सरासरी देत, तिथे हे गणित थोडं कमी दाखवेल. पण हजाराच्या आसपास ते कधीच जाणार नाही.

माहितीपुस्तिकेत खरा आकडा असतो, पण त्याच्या शेजारची ओळ वाचल्याशिवाय त्याला अर्थ नाही: किती ओहमवर, किती टक्के विकृतीला (डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज किती बिघडतो). '६ ओहम, १० टक्के' असं असेल तर स्वच्छ आवाजाची ताकद त्याहून बरीच खाली धरा. शिवाय वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. १५ वॅटवर चांगला स्पीकर जोडला तर दिवाणखान्याला पुरून उरतं.

*

स्पीकरबद्दल. 'थ्री-वे' (खालच्या, मधल्या, वरच्या सुरांना वेगवेगळे तीन स्पीकर) छापलेलं असलं तरी आधी जाळी काढून आत बघा. बहुतेकदा वूफरला (खर्जाचा स्पीकर) सरळ वायर जाते, ट्वीटरच्या (वरच्या सुरांचा) वाटेत एकच कपॅसिटर असतो, आणि तिसरा म्हणून चिकटवलेली पिएझो चकती. तो कपॅसिटर बदलायचा असेल तर बायपोलर किंवा फिल्मचाच घ्या, मूल्य जुन्यावर असेल तेवढंच. साधा ध्रुवीय इलेक्ट्रोलायटिक तिथे टिकत नाही.

वूफरभोवतीचा फोम कुजून हाताला चिकट लागत असेल तर कडं बदलावं लागतं. बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि वळीची रुंदी ही तिन्ही मापं घेऊनच कडं मागवा. '६ इंची' एवढं सांगून चुकीचं येतं. जुना डिंक पूर्ण खरवडायचा. कडं आधी कोनला चिकटवायचं, ते सुकल्यावर फ्रेमला. फ्रेमचा डिंक ओला असताना ३० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवा. खरखर आली तर कॉइल घासतेय. खरखर थांबेपर्यंत कोन बोटांनी किंचित सरकवा आणि तसाच सुकू द्या.

जोडताना १.५ व्होल्टचा सेल लावून बघा. अधिक टोक अधिकला लागलं की कोन बाहेर यायला हवा. एक स्पीकर उलटा जोडला गेला तर खर्जच गायब होतो, आणि माणूस विनाकारण अॅम्प्लिफायर उघडतो.

*

कॅसेट डेक: 'चालत नाही' म्हणून येणाऱ्या डेकपैकी बऱ्याच ठिकाणी फक्त बेल्ट गेलेला असतो. जुना रबर डांबरासारखा वितळून पुलीवर बसतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पूर्ण काढा. पेट्रोल-थिनर नको, प्लॅस्टिकला तडे जातात.

नव्या बेल्टचं माप: पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी घ्या आणि त्याहून ५ ते १० टक्के आखूड बेल्ट निवडा. फार घट्ट झाला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येऊन सूर डोलतो, सैल राहिला तर टेप गुंडाळली जात नाही आणि डेक ती खातो. बेल्ट बदलूनही टेप खातोय तर पिंच रोलर (टेप दाबून पुढे ओढणारं रबरी चाक) चकचकीत झालाय का ते बघा, आणि टेप गुंडाळणारं चाक फिरवणाऱ्या आयडलरचं रबर.

मग वेग. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंमी धावली पाहिजे. ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप लावा, मोबाइलवरच्या फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या अॅपवर आकडा बघा, आणि मोटरच्या पाठीमागच्या भोकातून आतला प्रीसेट (जुळवणीचा छोटा स्क्रू) प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. त्याआधी डेक १५ मिनिटं चालू ठेवा. थंड मोटरवर बसवलेला वेग नंतर सरकतो.

अॅझिमथचा (टेपसमोर हेडचा तिरकेपणा जुळवणारा) स्क्रू हेडच्या बाजूला स्प्रिंगवर असतो, ऑटो-रिव्हर्स डेकला दोन. दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो ऐका आणि वरचे सूर सर्वांत स्पष्ट येतील तिथे थांबा. ही जुळवणी चांगल्या प्रतीच्या विकतच्या कॅसेटवर करा. घरी भरलेली कॅसेट दुसऱ्याच डेकच्या तिरकेपणाने भरलेली असते, तिच्यावर जुळवलं की बाकी सगळ्या कॅसेटचे वरचे सूर दबतात.

जाहिरातीतलं 'हाय-स्पीड डबिंग' ही वेळेची सोय होती, दर्जाची नव्हे. दुप्पट वेगाने १० किलोहर्ट्झचा सूर हेडसमोर २० चा होऊन येतो आणि तिथेच दबतो. कॅसेट जपून ठेवायची असेल तर साध्या वेगानेच नक्कल करा.

*

कोकण-गोव्यात आखातातून आलेल्या सिस्टीम खूप आहेत, शिवाय अमेरिका-जपानहून आलेल्याही. प्लग लावण्याआधी मागे व्होल्टेज सिलेक्टर आहे का ते बघा. असेल तर २२०-२४० वर हवा. फक्त १०० किंवा ११० व्होल्टची असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो: पाटीवर ७५ वॅट असतील तर किमान १५० व्हीए घ्या. '५०/६० हर्ट्झ' लिहिलंय ना, तेही वाचा. निव्वळ ६० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो.

रेडिओचा भाग लोक विसरतात. जपानी बाजारासाठीच्या जुन्या संचात एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतं, त्यामुळे आपली बहुतेक केंद्रं लागतच नाहीत. अमेरिकी संचात मीडियम वेव्ह १० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकते. पुणे आकाशवाणी ७९२ वर, आपल्याकडचा टप्पा ९ चा. संच ७९० वर थांबतो आणि आवाज चिरका येतो. काही मॉडेलांत मागे ९/१० चा खटका असतो, काहींत दोन बटणं एकत्र दाबून बदलतं.

बरीच वर्षं बंद असलेला संच थेट लाइनवर लावू नका. ६० किंवा १०० वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये घ्या. क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा.

*

आउटपुट आयसीबद्दल (स्पीकरला ताकद देणारा भाग) वर कुणी लिहिलं नाही म्हणून. अनेक मिनी सिस्टीममध्ये सॅन्योचे एसटीके मालिकेतले हायब्रिड आयसी आहेत. स्पीकर काढून यंत्राच्या स्पीकर जोडायच्या टोकांवर डीसी मोजा. १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत. कित्येक व्होल्ट आले तर स्पीकर जोडूच नका, कॉइल जळेल. बऱ्याचदा आयसी ६ ओहमऐवजी ४ ओहमचे स्पीकर लावल्याने किंवा वायरची टोकं एकमेकांना टेकल्याने गेलेला असतो.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला काय किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काय, नकली एसटीके सर्रास मिळतात. जुना आयसी सोबत न्या. मागची अॅल्युमिनियमची पाटी, छपाई, पिनांची जाडी शेजारी ठेवून ताडून बघा. जुन्या संचातून काढलेला अस्सल आयसी नव्या नकलीपेक्षा कधीही बरा. बसवताना थर्मल पेस्टचा पातळ थर, दोन्ही स्क्रू आलटून पालटून आवळायचे. आयसी लावण्याआधी पुरवठ्याच्या वाटेवरचे फ्यूजिबल रेझिस्टर (जास्त प्रवाहाला फ्यूजसारखे जळणारे) तपासा, नाहीतर नवाही मुका राहतो.

*

सीडी 'नो डिस्क' दाखवत असेल तर आधी लेन्स. कोरडी मऊ काडी, मग गरज पडली तर अल्कोहोलचा थेंब, आणि दाब अजिबात नाही. लेसरच्या बाजूचा छोटा प्रीसेट फिरवून प्रवाह वाढवायची युक्ती सांगितली जाते. त्याने थोडे दिवस चालतं आणि लेसर कायमचा जातो. नवा केएसएस-२१३ (लेन्स-लेसरचा जोडभाग) घेतलात तर त्याच्या पट्टीवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक थेंब दिलेला असतो. रिबन केबल लावल्यावर तो काढायचा. तो राहिला की नवा भाग मेलेला समजून परत केला जातो.

*

मोबाइल जोडणाऱ्यांसाठी: मागच्या 'ऑक्स' किंवा 'व्हिडिओ' सॉकेटला ३.५ मिमी ते दोन आरसीए वायर लावा. 'फोनो' लिहिलेल्या सॉकेटला नको. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, मोबाइलच्या पातळीला आवाज फाटतो.

*

जाहिराती जमवणाऱ्यांनी वर्तमानपत्राचं कात्रण स्कॅन करताना मागे काळा कागद ठेवावा, म्हणजे पाठचा मजकूर उमटत नाही. छपाईचे ठिपके जाळीसारखे दिसतात म्हणून ६०० डीपीआयवर घ्या, स्कॅनरमधलं 'डिस्क्रीन' (ठिपके पुसणारी सोय) लावा आणि मग आकार लहान करा. फाइलच्या नावात वर्तमानपत्र, आवृत्ती आणि तारीख हवी, कारण कोणतं मॉडेल कधी बाजारात आलं ते बऱ्याचदा त्यावरूनच ठरवता येतं. तळाची बारीक अक्षरातली ओळ कापू नका, पीएमपीओखाली खरे वॅट छापले असतील तर ते तिथेच सापडतात.