मदत हवी आहे: प्रत्येक देवाचा पुजारी वेगळा करावा की एकच क्लेरिक (खेळातला पुजाऱ्याचा तयार क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार) सगळ्या देवांना चालवावा?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला गंगापूर रोडवर एका मैत्रिणीच्या गच्चीत दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स चालवते, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचत खेळायचा खेळ, पाच जणांची पार्टी आहे, नियम पाचव्या एडिशनचे म्हणजे 2014 वालेच, जग मात्र माझं स्वतःचं. खरे देव मी टेबलावर आणत नाही, त्यांना हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल त्याचा आकडा, लावायला माझं मन धजत नाही, म्हणून सात देव स्वतः रचलेत. एक नदीआई, एक गडगड्या म्हणजे विजेचा देव, एक मेंढरं राखणारा डोंगरदेव, एक मसणातला देव, बाकी तीन अजून कच्चे आहेत.

अडचण अशी की दोन जण क्लेरिक खेळतायत, एक नदीआईचा, त्याला लाइफ डोमेन, म्हणजे देवाचं क्षेत्र, इथे बरं करण्याचं, दिलंय, आणि दुसरी गडगड्याची, तिला टेम्पेस्ट म्हणजे वादळाचं. कागदावर दोघं वेगळे, पण पाचव्या लेव्हलला आल्यापासून लढाई लागली की दोघंही स्पिरिट गार्डियन्स, म्हणजे आजूबाजूच्या शत्रूंना मारणाऱ्या आत्म्यांचा स्पेल (मंत्र), लावतात आणि पुढे घुसतात. गडगड्यावालीकडे कॉल लायटनिंग हा वीज पाडणारा स्पेल आहे की, पण दोन्ही स्पेलना कॉन्सन्ट्रेशन म्हणजे सतत लक्ष लागतं म्हणजे एका वेळी एकच, शिवाय त्या विजेचा ढग शंभर फूट उंचावर तयार होतो आणि माझं अर्धं कॅम्पेन गुहेत चाललंय, तिथे तो स्पेल लागतच नाही. ती बिचारी मागच्या रविवारी म्हणाली, ताई माझ्या देवाचं मी काय करतेय तेच मला कळत नाहीये. मला फार लागलं ते, कारण तिने त्या देवासाठी वहीभर गोष्ट लिहून आणली होती.

मग मी जुने नियम वाचायला घेतले. 1989 च्या दुसऱ्या एडिशनमध्ये हे चांगलं सोडवलेलं दिसतं, तिथे साधा क्लेरिक वेगळा आणि ठराविक देवाचा प्रीस्ट वेगळा, ड्रुइड म्हणजे निसर्गाचा पुजारी हा तर त्याचाच नमुना म्हणून दिलाय. स्पेलचे गट पाडलेत, त्यांना स्फिअर म्हणतात, आणि कुठल्या देवाच्या माणसाला कुठला स्फिअर पूर्ण, कुठला फक्त तिसऱ्या लेव्हलपर्यंत, कुठला अजिबात नाही असं ठरतं. 1978 चं रूनक्वेस्ट, हा असाच दुसरा खेळ, तर त्याहून पुढे, तिथे क्लासच नाहीत, तुम्ही ज्या देवाच्या पंथात आहात त्याची जादू तुम्हाला मिळते. वाचून मी गडगड्याची यादी दुसऱ्या एडिशनच्या धर्तीवर लिहायला बसले, अकरा दिवस गेले, आणि झाली तेव्हा लक्षात आलं की त्यात बरं करणारा एकही स्पेल नाहीये. वादळाच्या देवाला ते शोभतंही नाही म्हणा. पण नदीआईवाला शिफ्टमुळे महिन्यातून एकदा तरी गैरहजर असतो, त्या दिवशी पार्टीला उठवणार कोण?

आता माझ्या डोक्यात काय आहे ते सांगते. आपल्याकडे बघा, एकच गुरुजी सत्यनारायणही सांगतात, वास्तुशांतही करतात, गणपतीही बसवून देतात, तो झाला आपला साधा क्लेरिक. पण खंडोबाचा वाघ्या भंडारा आणि दिमडी घेऊन आला, किंवा कवड्यांची माळ घातलेले गोंधळी संबळ घेऊन आले तर कुठल्या देवाचे हे कुणाला विचारावं लागत नाही. आणि नुसत्या वस्तूच नाहीत, वर्ज्य काय तेही असतं, गणपतीला तुळस नाही, शंकराला केवडा नाही. आपल्या पंचवटीतल्या कपालेश्वराच्या समोर नंदीच नाही, का नाही त्याची गोष्ट इथलं लहान पोर सांगतं, म्हणजे एक गोष्ट तिथे नसण्यातूनच त्या देवळाची ओळख झालीये. मला वाटायला लागलंय की पुजारी वेगळा दिसतो तो स्पेलच्या यादीमुळे कमी आणि तो काय बाळगतो, काय शिवत नाही यामुळे जास्त.

म्हणून असा विचार आहे की क्लेरिक क्लास आहे तसाच ठेवायचा, क्युअर वून्ड्स हा जखमा भरणारा स्पेल सगळ्यांकडे राहील, पण प्रत्येक देवाला एक नेम, एक वर्ज्य आणि स्पिरिट गार्डियन्सच्या जागी त्या देवाचा स्वतःचा एक स्पेल. गडगड्याच्या पुजारणीने छताखाली झोपायचं नाही, आणि तिची वीज ढगातून न येता हातातल्या घंटेतून येईल म्हणजे गुहेतही चालेल. डॅमेज स्पिरिट गार्डियन्सइतकंच, 3डी8 (आठ बाजूंचे तीन फासे), ठेवते, पण आजूबाजूच्या सगळ्यांना न लागता एका रेषेत, हे बरोबर होईल का? फार कमजोर तर नाही ना होत?

आणि मुख्य प्रश्न नेम मोडल्यावर काय करायचं हा आहे. स्पेल काढून घेतले तर खेळणारा दोन तास नुसता बसून राहतो, ते मला नकोय, आणि काहीच केलं नाही तर नेमाला अर्थ उरत नाही. प्रायश्चित्त म्हणून एखादं काम द्यावं का, की त्या दिवसापुरतं चॅनल डिव्हिनिटी, ही क्लेरिकची देवाकडून मिळालेली खास शक्ती, बंद ठेवावं? कुणी प्रत्यक्ष टेबलावर करून बघितलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, इंग्रजी फोरमवरचे तयार क्लास नकोत, ते मी बरेच चाळलेत.

रविवारी तिसरा जण डोंगरदेवाचा पुजारी घेऊन येतोय, त्याच्यासाठी कांबळं आणि काठी एवढंच सुचलंय, नेम अजून सुचलेला नाही, तोही सुचवलात तर फार बरं होईल.