फुटबॉलपटू आपला नेमका कधी झाला? क्लबच्या लेजंडबद्दल तुमचे अनुभव लिहा

मायकेल ओवेनने इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबसाठी १५८ गोल केले. २००१ ची एफए कप फायनल आर्सेनलच्या खिशात गेली होती, ती त्याने शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल मारून ओढून आणली. त्याच वर्षी बॅलन डी'ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही मिळवला. मग २००४ मध्ये तो रेआल माद्रिदला गेला, २००९ मध्ये त्याने आमच्या कट्टर प्रतिस्पर्धी मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घातला, आणि आज आम्हा लिव्हरपूलवाल्यांत त्याचं नाव निघालं की लोक विषय बदलतात.

लिव्हरपूलच्याच स्टीव्हन जेरार्डला खेळाडू म्हणून लीगचं विजेतेपद कधीच मिळालं नाही. २७ एप्रिल २०१४ ला चेल्सीविरुद्ध त्याचा पाय घसरला, डेम्बा बाने गोल केला आणि हातातोंडाशी आलेलं विजेतेपद निसटायला लागलं. त्या रात्री मला त्याचा राग आला नाही, पोटात कालवलं. २००५ मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये मिलानविरुद्ध ०-३ असताना पहिलं हेडर त्याचंच होतं, हे कसं विसरणार? त्याहून खोल गोष्ट म्हणजे १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते दगावले, त्यात गेलेला सर्वात लहान मुलगा, अवघा दहा वर्षांचा, जेरार्डच्या नात्यातला भाऊ होता. क्लबवर जे ओढवलं ते त्याच्या घरावरही ओढवलेलं होतं. मला वाटतं लेजंड तिथे तयार होतो.

तुमचा क्लब युरोपातला असो की पेठेतला, तो खेळाडू तुमचा कोणत्या दिवशी झाला ते सांगा. गोलांची यादी नको, ती कुठेही मिळते.

कोल्हापूर, मंगळवार पेठ

आमच्याकडं हा प्रश्न पुस्तकी नाही. इथं फुटबॉल क्लब म्हणजे पेठेतल्या तालमी. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब... नावं घेतली तरी अंगावर काटा येतो. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुपारपासून पेठेतली दुकानं अर्धी रिकामी. खेळाडू हंगामागणिक तालीम बदलतात, बाहेरूनही खेळाडू आणले जातात, त्यांनी चांगला खेळ केला तर आम्ही डोक्यावर घेतो. पण ते त्या हंगामापुरतं.

पेठेचा पोरगा वेगळा. सकाळी मैदानावर, दिवसा कामावर, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर. आमच्या तालमीचा एक बचावपटू होता, नाव लिहीत नाही, साधा माणूस आहे. दुसऱ्या तालमीनं चांगले पैसे देऊ केले होते हे सगळ्या पेठेला माहीत होतं. तो गेला नाही आणि त्याबद्दल कधी बोललाही नाही. गुडघा गेल्यावर खेळ थांबला, तर आता लहान पोरांना बूट कसे बांधायचे इथपासून शिकवतोय. त्याच्या नावावर गोल किती ते मला विचारू नका, बहुतेक एकही नसेल. पण फायनलच्या आधी आमची पोरं त्याच्या पाया पडून मैदानात जातात. ईर्षा कितीही टोकाची असो, समोरच्या तालमीचे जुने खेळाडूसुद्धा त्याला उठून जागा देतात.

पणजी

कोल्हापूरकरांचं वाचून बरं वाटलं, पण मला उलट बाजू मांडायची आहे. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी राहणं ही अट मानली तर आमचा क्रिस्तियानो ज्युनियर त्यात बसणार नाही. तो ब्राझीलचा. कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळून २००४ मध्ये आमच्या गोव्याच्या धेंपो क्लबकडे आला आणि आमच्यात काही महिनेच होता. ५ डिसेंबर २००४ ला बंगळुरूत फेडरेशन कपची फायनल होती, समोर कोलकात्याचा मोहन बागान. धेंपोचे दोन्ही गोल त्यानेच केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो कोसळला आणि उठला नाही. आम्ही २-० ने कप जिंकला आणि घरात कोणी एक शब्द बोललं नाही. माझे वडील गोव्याच्याच साळगावकर क्लबचे कट्टर चाहते, त्या क्लबचा गोलरक्षक ब्रह्मानंद संखवाळकर म्हणजे त्यांचा देव. धेंपो हरली की त्यांना एरवी गोड वाटायचं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. त्याच हंगामात त्याच संघाने राष्ट्रीय लीग जिंकली, आणि त्याच्या जोडीला खेळणारा रँटी मार्टिन्स पुढे कितीतरी वर्षं गोल करत राहिला. रँटीचे गोल मोजून दमायला होतं, २०११-१२ च्या एका आय-लीगमध्ये, म्हणजे नंतरच्या राष्ट्रीय लीगमध्ये, ३२. तोही आमचाच, त्यात शंका नाही. पण जुने धेंपोवाले एकत्र बसले की आधी नाव कोणाचं निघतं ते मी ऐकलेलं आहे.

नाशिक

थोडं स्पष्ट बोलतो. निष्ठा, साधेपणा सगळं मान्य, पण खेळ हवाच. नापोली या इटलीतल्या नेपल्स शहराच्या क्लबचा लेजंड माराडोना मूळचा नेपल्सचा नव्हता. १९८४ मध्ये बार्सिलोनाहून पैसे मोजून आणलेला, १९९१ मध्ये ड्रग्जच्या बंदीत गेला. मधल्या काळात १९८७ आणि १९९० अशा दोन लीग आणि १९८९ चा युएफा कप. त्याआधी नापोलीने लीग कधीच जिंकली नव्हती. उत्तरेकडच्या श्रीमंत क्लबांचे प्रेक्षक नेपल्सच्या लोकांना घाणेरडं म्हणून हिणवत होते, त्यांच्या छातीवर बसून या माणसाने जिंकून दाखवलं. २०२० मध्ये तो गेल्यावर स्टेडियमलाच त्याचं नाव दिलं. तो नुसता चांगल्या स्वभावाचा मिडफिल्डर असता तर हे झालं असतं का?

डॉर्टमुंड (मूळची सांगलीची)

नोकरीसाठी इथे आले तेव्हा फुटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं. ऑफिसमधल्यांनी पिवळा स्कार्फ गळ्यात घातला आणि स्टेडियमवर नेलं, तेव्हापासून मी इथल्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबची.

नाशिककरांना मार्को रॉइसचं उदाहरण देते. तो याच शहरात जन्मला. लहानपणी क्लबमध्येच होता, मग बाहेर पडावं लागलं, दुसरीकडे नाव कमावून २०१२ मध्ये परत आला. त्याच काळातला मारियो गोट्झे २०१३ मध्ये प्रतिस्पर्धी बायर्न म्युनिकला गेला, पुढच्या वर्षी वर्ल्ड कप फायनलचा विजयी गोल त्याने केला. रॉइस त्या वर्ल्ड कपच्या तोंडावर जखमी होऊन घरी बसला होता. गोट्झे नंतर डॉर्टमुंडला परतला, पण लोकांचं मन पूर्वीसारखं परतलं नाही. रॉइस बारा वर्षं राहिला आणि बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, एकदाही जिंकला नाही.

२७ मे २०२३ ला शेवटच्या सामन्यात माइन्झला हरवलं असतं तर लीग आमची होती. २-२ झालं आणि गोलफरकावर बायर्न विजेता. संपूर्ण शहर सजवलेलं होतं. सामना संपला तरी दक्षिणेकडची, उभं राहून सामना बघायची स्टँड हलली नाही, पंचवीसेक हजार लोक खेळाडूंसाठी गात राहिले. माझ्या शेजारच्या आजोबांनी मला घट्ट धरून ठेवलं होतं, आम्ही दोघंही रडत होतो. रॉइसला लीग मिळावी असं लोकांना वाटायचं ते क्लबपेक्षाही त्याच्यासाठी. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पुढच्या मे महिन्यात घरच्या मैदानावरच्या त्याच्या शेवटच्या लीग सामन्यात त्याने फ्रीकिकवर गोल केला, आणि त्या दिवशी स्टेडियममधल्या लोकांना स्वतःच्या पैशाने बिअर पाजली. मी बिअर पीत नाही, त्या दिवशी मात्र ग्लास हातात घेतला.

पुणे

मी इटलीच्या एसी मिलानचा चाहता. ज्यांना वाटतं की एकच क्लब आणि ढीगभर ट्रॉफी असल्या की प्रश्न मिटला, त्यांनी २४ मे २००९ आठवावा. पाओलो माल्दिनी: पंचवीस हंगाम, ९०२ सामने, पाच युरोपियन कप. घरच्या मैदानावर शेवटचा सामना, आणि कुर्वा सूद या स्टँडमधल्या काही अल्ट्रांनी, म्हणजे कट्टर चाहत्यांनी, शिट्या मारल्या, कप्तान एकच, तो बारेसी (मिलानचा आधीचा कप्तान), असे फलक धरले. कारण? माल्दिनीने त्यांच्या वागण्यावर तोंडावर टीका केली होती. माझ्या मते त्या दिवशी तो अजून मोठा झाला. लेजंडने प्रेक्षकांची खुशामत करायची नसते.

ठाणे (काही वर्षं कोलकात्यात)

माझा लेजंड ब्राझीलचा बरेटो. मोहन बागानचे लोक त्याला हिरवा पोपट म्हणायचे. मधे तो आमच्या मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग पुन्हा बागानला गेला आणि २०१२ पर्यंत राहिला. माझे कोलकात्यातले घरमालक त्याच्या जाण्याबद्दल कधी कडवट बोलले नाहीत. मुलगा नोकरीला बाहेरगावी जाऊन आला, एवढंच. महिंद्राने २०१० मध्ये संघच बंद केला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर महिंद्राच्या ज्या खेळाडूंना आम्ही डोळे भरून पाहिलं, त्यांना आता कोणाचे लेजंड म्हणायचं? हे दुःख कोणी फारसं बोलत नाही. क्लब राहिला तरच आठवण सांगायला पुढची पिढी मिळते.

अंधेरी

ठाणेकरांचा शेवटचा मुद्दा लागला. आमचा क्लब मुंबई सिटी २०१४ चा, म्हणजे आमच्याकडे आजोबांच्या गोष्टी नाहीतच. आम्हाला लेजंड आमच्या डोळ्यांदेखत घडवावा लागतोय. माझं मत बिपिन सिंगला. १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगची फायनल, कोविडमुळे स्टँड रिकामे, नव्वदाव्या मिनिटाला त्याचा गोल. आमच्या क्लबचा सगळ्यात मोठा दिवस आणि आम्ही सगळे आपापल्या घरी टीव्हीसमोर. खिडकीतून समोरच्या इमारतीतला एक अनोळखी मुलगा निळी जर्सी हलवत होता, मीही हलवली. नंतर तो माझा मित्र झाला. ४ मे २०२४ च्या फायनलला कोलकात्यातल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानच्या गर्दीसमोर ०-१ वरून ३-१ केलं, त्यातही बिपिनचा गोल होता.

२०२५ मध्ये तो ईस्ट बंगालला गेला. जावं लागतं, खेळाडूचं वय थांबत नाही. आम्हा दोघांचं ठरलंय: तो लाल-पिवळ्या जर्सीत अंधेरीला आला की किकऑफच्या आधी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. मग नव्वद मिनिटं त्याच्या पायात बॉल टिकू द्यायचा नाही.