कोळ्याच्या बरणीत अडगळ वाढवली तर माश्या जास्तच गेल्या. माशी कुठे शिंकली?

चौथी_बरणी

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राचा छोटा प्रकल्प करतेय. अधिवासाची गुंतागुंत वाढली की कोळ्याची शिकार घटते का, एवढाच प्रश्न आहे. ऐकायला अगदी सरळ. लपायला जागा जास्त म्हणजे माशी वाचणार. गाईडही म्हणाले, "उत्तर माहीत आहे, तुम्ही फक्त आकडे काढा." आणि नेमकं तिथेच माझं घोडं पेंड खातंय.

मांडणी अशी: एकाच मापाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या बरण्या. प्रत्येकीत तीन दिवस उपाशी ठेवलेला एक उड्या मारणारा कोळी आणि दहा फळमाश्या. माश्या आखूड पंखांच्या घेतल्या. त्यांना उडता येत नाही, त्यामुळे झाकण उघडताना निम्म्या पसार होत नाहीत. बरण्यांचे तीन प्रकार: रिकामी, सहा लाकडी काड्या उभ्या रोवलेली, चुरगळलेल्या कागदी पट्ट्यांनी भरलेली. प्रत्येक प्रकारच्या आठ. चोवीस तासांनी जिवंत माश्या मोजायच्या, दहातून वजा करायच्या, उरतील त्या खाल्ल्या.

रिकाम्या बरण्यांत साधारण निम्म्या माश्या वाचल्या. काड्यांच्या बरण्यांत दोन-तीन. कागदाच्या बरण्यांतही दोन-तीनच! सगळं उलटंच.

परवा रात्री काड्यांच्या एका बरणीसमोर तासभर बसले. एक माशी काडीच्या टोकाला जाऊन पुढचे पाय एकमेकांवर घासत बसली होती. कोळी त्याच काडीच्या मागच्या बाजूने वर चढला. डोकं जरा बाहेर काढून बघितलं, परत मागे सरकला. मग पोटाचं टोक काडीला टेकवून धागा चिकटवला आणि वरून पडल्यासारखी उडी मारली. माशीचे पाय तोवर घासूनही झाले नव्हते. रिकाम्या बरणीत हाच कोळी (त्याच्या पाठीवर पांढरा ठिपका आहे, म्हणून ओळखते) भिंतीवर तिरका-तिरका चालत जायचा आणि तो जवळ येईस्तोवर माशी चार बोटं पुढे गेलेली असायची.

माझं चुकतंय की कोळ्याचं?

आठ_डोळे

कोळ्याचं काही चुकत नाहीये. :)

तुम्ही माशीला लपायला जागा दिली असं तुम्हाला वाटतं, पण माशीला विचारलंत का? फळमाशी वर चढते. माश्या वाढवायची (कल्चरची) बाटली टेबलावर आपटून बघा, खाली पडलेल्या सगळ्या माश्या लगेच भिंती चढायला लागतात. म्हणजे काडी दिली की ती टोकापर्यंत जाणार, आणि टोकाला रस्ता संपतो. एरवी उडाली असती, पण तुमच्या माश्यांना तेही जमत नाही. तुम्ही बिचारीला गच्चीवर नेलंत आणि जिना काढून घेतलात.

कोळ्याच्या बाजूने बघा. पुढचे दोन मोठे डोळे बारीक तपशील टिपतात, पण त्यांच्या नजरेचा टप्पा चिंचोळा. बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळते. ते 'काहीतरी हललं' म्हणून सांगतात, मग हा गर्रकन वळून मोठ्या डोळ्यांनी तपासतो. रिकाम्या बरणीत त्याला माशी दिसते हे खरं, पण माशीलाही तो येताना दिसतो. काडीने त्याला आडोसा मिळाला. तुम्ही बघितलेलं ते डोकावणं म्हणजे आडोशाचा वापरच. तो धागा मात्र नेम चुकला तर लटकायला असतो, त्याचा आडोशाशी संबंध नाही.

तेव्हा काड्यांचा निकाल मला पटतो. कागदाचा पटत नाही. चुरगळलेल्या कागदात कोळ्याला वीतभर पुढचंही दिसत नसणार, आणि घडीत न हलता बसलेली माशी त्याच्या लेखी जवळपास नसतेच. तिथे माश्या वाचायला हव्या होत्या. तुम्ही 'खाल्ल्या' कशावरून म्हणता? कोळी माशी गिळत नाही. पाचक रस सोडून आतलं शोषून घेतो आणि चोथा टाकून देतो. ते चोथे मोजलेत का?

आकडेमोडे

वरच्यांनी शेवटी विचारलंय तेच मी पहिल्या ओळीत विचारलं असतं. "दहातून वजा" हीच खरी गोम आहे. कोळी नसलेल्या बरण्या कुठे आहेत? तिन्ही प्रकारच्या हव्यात. रिकाम्या बरणीत दहापैकी दहा दिसतात. कागदात दहापैकी किती *सापडतात* ते आधी बघा.

दुसरं, चोवीस तास फार झाले. उपाशी कोळी पोट भरलं की थांबतो. त्याला एवढा वेळ दिलात तर शिकार सोपी होती की अवघड, हा फरक पुसला जाऊन फक्त पोटाचं माप उरेल. हॉलिंग या परिसंस्था-अभ्यासकाने 1959 मध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसाला टेबलासमोर उभं केलं. टेबलावर सँडपेपरच्या चकत्या टाचलेल्या. बोटाने ठोकत-ठोकत मिनिटभरात सापडतील तेवढ्या उचलायच्या. चकत्या वाढवल्या तसा आकडा आधी भराभर वाढला, मग वाढ मंदावली, कारण सगळा वेळ चकती उचलून बाजूला ठेवण्यातच जायला लागला. तुमच्या कोळ्याचंही तेच: एक वेळ शोधण्याचा, एक वेळ धरून खाण्याचा. अडगळीचा परिणाम मुख्यतः शोधण्यावर होतो. म्हणून तो माश्या कमी असताना दिसेल. दाटी असेल तर शोधायचंच काय? दोन, पाच, दहा, वीस अशा माश्या द्या आणि दोन तासांनी मोजा.

तिसरं, काड्या घातल्या की चालायला पृष्ठभागही वाढतो. तेवढ्याच माश्या जास्त जागेवर विखुरल्या. हा परिणाम गुंतागुंतीचा की नुसत्या जागेचा? कागदाची तेवढीच पट्टी न चुरगळता, सपाट चिकटवलेली अशी एक बरणी ठेवा.

चौथी_बरणी

लिहायला लाज वाटतेय, पण लिहिते.

काल रात्री कोळी न घालता कागदाची एक बरणी लावली. दहा माश्या मोजून सोडल्या. सकाळी नेहमीसारखं झाकण काढून, पट्ट्या हलवून मोजल्या: सहा. म्हणजे माझ्या हिशोबाने नसलेल्या कोळ्याने चार माश्या खाल्ल्या!

मग टेबललॅम्पखाली एकेक पट्टी उलगडली. तीन घडीत बसलेल्या होत्या, उजेड पडल्यावरही हलेनात. चौथी मीच पट्टी दाबताना चिरडली होती.

नशीब, जुन्या बरण्यांचे कागद टाकले नव्हते. एकेका पिशवीत बरणीचा नंबर घालून ठेवलेत. (आईने दोनदा विचारलं, हा कचरा कशाला साठवतेस.) तीन पिशव्या उलगडून झाल्या. चोथे ओळखू येतात, काळपट, चुरडलेले, पाय एकत्र गोळा झालेले. त्यांच्याशिवाय वाळलेल्या अख्ख्या माश्याही निघाल्या, ज्यांना कोळ्याने तोंडही लावलं नव्हतं. उरलेल्या पाच पिशव्या आज. गाईडना अजून सांगितलेलं नाही.

काड्यांच्या बरण्या मात्र तपासल्या. तिथे लपायला जागाच नाही, चोथे आणि वजाबाकी जुळतात.

पालापाचोळा

उशिरा आलो. मी बरणीवाला नाही, जमिनीवर पालथं पडून कोळी बघणाऱ्यांतला, तेव्हा थोडं बाहेरचं बोलतो.

तुमच्याकडे 'गुंतागुंत' हा एकच शब्द आहे आणि त्यात तुम्ही काडी आणि चुरगळा दोन्ही कोंबलेत. एक कोळ्याला बैठक देते, दुसरा त्याची नजर अडवतो. या एकाच मोजपट्टीवरच्या 'कमी' आणि 'जास्त' खुणा नव्हेत. शिवाय कोळी बदलला की सगळं बदलतं. लांडगा कोळी पायांनी ऐकतो. त्याच्या पायांच्या सांध्यांजवळ बारीक फटींसारखी इंद्रियं असतात, त्यांतून जमिनीची थरथर कळते. वाळलेल्या पानावरून थरथर छान पोचते, मातीत किंवा दगडात विरून जाते. तुमची नजर अडवणारी पट्टी त्याच्यासाठी तार ठरू शकेल. आणि चक्राकार जाळं विणणाऱ्याला रिकाम्या बरणीत धागा ताणायला टेकूच सापडायचे नाहीत. त्याला काड्या म्हणजे घराचे खांब. तिथे तुमचा आलेख भलतीकडेच वळेल.

अजून एक. बरणीत तुम्ही एकच कोळी ठेवता, बाहेर तो एकटा नसतो. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर खाऱ्या दलदलीतल्या गवतावर फिंके आणि डेनो या संशोधकांनी काम केलं, 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे तुडतुडे हे भक्ष्य. त्यांना खाणारे दोन: लांडगा कोळी आणि एक छोटा ढेकूणवर्गीय कीटक. पण कोळी त्या कीटकालाही खातो. वाळक्या गवताचा थर जाड असला की कीटक कोळ्यापासून वाचतो, आणि मग दोघं मिळून तुडतुड्यांना जास्त आवरतात. आडोसा होता, पण तो भक्ष्याच्या नाही, भक्षकांपैकी एकाच्या कामी आला. म्हणून "लपायला जागा जास्त म्हणजे भक्ष्य वाचलं" हे वाक्य मला कधीच पचलं नाही.

गाईडना आजच सांगा. पिशव्या जपून ठेवणाऱ्या विद्यार्थिनीवर कोणी रागावत नाही. निदान रागावू नये.

चौथी_बरणी

सांगितलं. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पिशव्या घेऊन या." आम्ही दोघांनी मिळून उलगडल्या. कागदाच्या बरण्यांतली खरी शिकार रिकाम्या बरण्यांपेक्षा कमी निघाली आणि काड्यांची सगळ्यांत जास्त. आता परत लावतेय: माश्यांच्या चार संख्या, दोन तास, प्रत्येक प्रकारच्या कोळी नसलेल्या बरण्या, सपाट कागदाची एक, आणि दर वेळी चोथेच मोजायचे. उडणाऱ्या माश्याही घेणार आहे. झाकण उघडताना पळतील त्या पळोत.

अजून एक शंका. कागदाच्या एका बरणीतली कोळीण कालपासून दोन पट्ट्यांच्या मध्ये पांढरी रेशमी पिशवी विणून आत बसलीय. माशी समोरून गेली तरी बाहेर येत नाही. हिला 'शून्य शिकार' म्हणून मोजू का? लपायला जागा माशीला दिली आणि लपली हीच!

आठ_डोळे

मोजू नका. बहुतेक कात टाकायच्या तयारीत आहे, तेव्हा ती खात नाही. आतल्या माश्या काढून घ्या, कात टाकताना तिलाच त्रास होईल. पिशवीला हात लावू नका, कागद तसाच राहू द्या. त्या बरणीच्या जागी नवी बरणी लावा आणि नोंदवहीत कारण लिहा.